अडलेल्या पावलांचा इतिहास

ज्या माणसाला स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडता येत नाही, तोच माणूस सायकलीवर बसविला तर मैलभर बिनदिक्कत जाऊन येतो, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याचा त्यावर सहसा विश्वास बसणार नाही. तो म्हणेल, या माणसाला काही झालेले नाही. हे सारे सोंग आहे. कंपवाताने, म्हणजे ज्याला आज सर्रास पार्किन्सनचा आजार म्हणतात त्या व्याधीने, ग्रासलेल्या कित्येक वृद्धांना हा शब्द घरच्या माणसांकडूनच ऐकावा लागतो. जिना चढतात, पण सोप्यातून स्वयंपाकघरापर्यंत येत नाहीत. सकाळी चालतात, दुपारी चालत नाहीत. एकटे असले की चालतात, कोणी ‘लवकर चला’ म्हटले की जागच्या जागी खिळतात. तेव्हा घरातली माणसे म्हणतात, म्हातारपणी हट्टी झाले आहेत, दुसरे काय! श्रोतेहो, या आरोपात तथ्य किती आणि अज्ञान किती, हे ठरविण्यासाठी या रोगाचा इतिहास थोडा उलगडून पाहावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे. हा इतिहास लंडनच्या रस्त्यावर सुरू होतो, पॅरिस, व्हिएन्ना व हॉलंड असा फिरतो, मध्येच आपल्या सह्याद्रीच्या रानातून जातो आणि पुण्यातील एका घरातही येऊन पोहोचतो.

अंगाला कंप सुटणे ही गोष्ट आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. माधवनिदानाच्या वातव्याधीच्या प्रकरणात ‘वेपथु’ नावाचा विकार सांगितला आहे. त्यात सर्वांगाला व मस्तकाला कंप सुटतो. ग्रीक-रोमन वैद्यांनीही कंपाचे प्रकार नोंदविले होते. परंतु कंप, पुढे झुकलेले शरीर आणि बिघडलेली चाल ही तीन लक्षणे एकाच रोगाची आहेत आणि तो रोग वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातो, हे नीट जुळवून सांगण्याचे श्रेय एका इंग्रज वैद्याकडे जाते.

जेम्स पार्किन्सन ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात जन्मला. बापाप्रमाणेच तोही त्या वस्तीत वैद्यकी करी. हा गृहस्थ केवळ वैद्य नव्हता. गरिबांना मताधिकार मिळावा म्हणून त्याने टोपणनावाने पत्रके लिहिली आणि त्यापायी १७९४ साली राजाच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे त्याला साक्षीसाठी उभे राहावे लागले. जीवाश्मांचा त्याला विलक्षण नाद होता. त्या विषयावर त्याने तीन खंड लिहिले आणि १८०७ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या स्थापनेत भाग घेतला. जो माणूस दगडातल्या शिंपल्याच्या रेषा न कंटाळता पाहतो, त्याने रस्त्याने जाणाऱ्या माणसाची चालही तितक्याच बारकाईने पाहावी यात नवल नाही.

१८१७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्याने ‘कंपयुक्त पक्षाघात’ या विषयावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रोग्यांची हकीकत आहे. त्या सहांपैकी दोघे त्याला रस्त्यात सहज भेटलेले होते आणि एकाला तर त्याने केवळ दुरून पाहिले होते. रस्त्यात भेटलेल्यांपैकी एक होता पासष्टीच्या घरातला, धिप्पाड बांध्याचा जुना खलाशी. त्याचे शरीर इतके पुढे वाकलेले होते की त्याला सावकाश चालणे शक्यच नव्हते. तो सारखा धावत सुटे, आणि दर पाच-सहा पावलांनंतर हातातली काठी फरसबंदीवर जोराने टेकून स्वतःला पुन्हा सरळ करी. आणखी एका गृहस्थाचे वर्णन तर वाचताना डोळ्यांपुढे उभे राहते. त्याचा नोकर समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. मालक किंचित मागेपुढे झुलून तोल साधी. मग इशारा होताच नोकर बाजूला सरे आणि मालक धावू लागे. वीसेक पावलांनंतर तो पडू नये म्हणून तोच नोकर पुढे पळत जाऊन त्याला झेलण्यास तयार राही. या नोकराने वैद्यकाचे एक अक्षरही वाचले नसेल. परंतु थांबलेले पाऊल ओढून निघत नाही, आधी तोल एका बाजूने दुसऱ्या बाजूला हलवावा लागतो, हे त्याला सरावाने कळले होते. आजचे व्यायामोपचारतज्ज्ञ हीच युक्ती शिकवितात.

पार्किन्सनचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. रोगाचे मूळ मानेतील मज्जारज्जूत असावे असे त्याला वाटले. ते चूक ठरले. बुद्धीला या रोगाने धक्का लागत नाही असे त्याने लिहिले. तेही सर्वस्वी खरे नाही, कारण उत्तरकाळात काही रोग्यांची स्मृती व विचारशक्ती मंदावते. परंतु चालीचे त्याने केलेले वर्णन दोनशे वर्षांनंतरही जसेच्या तसे उपयोगी पडते.

त्याचे नाव या रोगाला दिले ते फ्रान्सच्या झाँ मार्तँ शार्को याने. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शार्कोची व्याख्याने गाजत असत. त्याने दाखवून दिले की कित्येक रोग्यांना कंप नसतोच, आणि शक्ती पुष्कळ काळ शाबूत असते. म्हणून याला पक्षाघात म्हणणे गैर आहे. खरा बिघाड हालचालीच्या मंदपणात व स्नायूंच्या ताठरपणात आहे. रोग्यांच्या अक्षरांचे नमुनेही तो पाही. या रोगात अक्षर बारीक होत जाते. ओळ सुरू होते तेव्हा जे अक्षर वाचता येते ते ओळीच्या शेवटी मुंगीएवढे होते. पाऊल आणि अक्षर यांचे हे साम्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दोन्ही सुरुवातीला ठीक असतात आणि पुढे पुढे आखूड होत जातात. वहीवर दुरेघी आखून दिली तर अक्षर पुन्हा मोठे येते. त्याचप्रमाणे जमिनीवर रेघा आखून दिल्या तर पाऊलही मोठे पडते. याकडे मी पुढे येतोच.

शार्कोला आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. घोडागाडीतून किंवा आगगाडीतून हादरे खात आलेल्या रोग्यांना काही काळ बरे वाटे. त्यावरून त्याने हलणारी खुर्ची करवून घेतली. तिचा पुढे फारसा उपयोग झाला नाही. पण रोग्याचे अनुभव खोटे न मानता त्यावरून विचार करावयाचा, ही त्याची पद्धत घेण्यासारखी आहे. १९२१ साली सूक या फ्रेंच वैद्याने अशाच अनुभवांना नाव दिले. एरवी खिळून बसलेला रोगी प्रसंग ओढवला, घरात आग लागली किंवा अंगावर गाडी येऊ लागली, तर एकाएकी उठून पळतो, आणि प्रसंग टळताच पुन्हा तसाच होतो. याला सूकने ‘विपरीत हालचाल’ अशा अर्थाचा शब्द योजिला. म्हणजे ज्याला आपण सोंग म्हणतो त्याला वैद्यकाच्या ग्रंथात रोगाचे लक्षण म्हणून स्थान मिळून शंभर वर्षे उलटून गेली!

मेंदूतील बिघाडाची जागा १९१९ साली त्रेत्याकॉफ याने पॅरिसमधील आपल्या प्रबंधात दाखविली. मेंदूच्या मध्यभागी खाली काळसर रंगाच्या पेशींचा एक पट्टा असतो. या रोगात त्या पेशी नाहीशा होतात आणि पट्टा फिकट पडतो. परंतु त्या पेशी करतात काय, हे कळण्यास आणखी चाळीस वर्षे लागली. आणि त्या शोधाच्या वाटेवर आपल्या देशातील एक मुळी आडवी आली.

सह्याद्रीच्या पावसाळी रानांत सर्पगंधा नावाची वनस्पती वाढते. वैद्य तिची मुळी झोपेसाठी व उन्मादासाठी देत असत. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या गुणांविषयी निबंध लिहिला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावर तिचा उपयोग होतो हे एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सप्रमाण मांडले, आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पुढे असे दिसून आले की हे औषध अधिक प्रमाणात घेणाऱ्या काहींना कंपवातासारखी लक्षणे होतात. स्वीडनच्या आर्विद कार्लसन याने १९५७ साली सशांना रेसरपीन दिले, तेव्हा ते कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हिंडू लागले. मेंदूत डोपामीन हे द्रव्य असते आणि हालचालीला ते लागते, हे या प्रयोगांच्या ओघात उघड झाले. कार्लसनला २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० साली व्हिएन्नात हॉर्निकिएविच व त्याच्या सहकाऱ्याने मृत रोग्यांचे मेंदू तपासून त्यांत डोपामीनची मोठी तूट दाखविली. १९६१ मध्ये तेथेच रोग्यांना लेव्होडोपा टोचून पाहण्यात आले, आणि १९६७ साली अमेरिकेत कोत्झियास याने ते पोटातून, हळूहळू वाढवीत देण्याची रीत बसविली. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली.

यातही आपल्या बांधावरच्या एका वेलीचा संबंध येतो. खाजकुयली कोणाला ठाऊक नाही! तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो. तिच्या बियांत लेव्होडोपा असते, हे दामोदरन व रामस्वामी यांनी मद्रासमध्ये १९३७ सालीच सिद्ध केले होते. परंतु त्या वेळी या द्रव्याचा कंपवाताशी संबंध आहे हे जगात कोणालाच माहीत नव्हते. १९७८ साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी या बियांचे चूर्ण रोग्यांना देऊन त्याचा गुण नोंदविला. मात्र हे ऐकून कोणी बांधावरच्या शेंगा कुटून घेऊ नयेत. बियांतील द्रव्याचे प्रमाण सारखे नसते, आणि डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर ते पोटात गेले तर दुप्पट मात्रेचा अपाय होतो.

औषध सापडले म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र झाले नाही. गोळीचा अंमल असतो तोवर माणूस चालतो, तो उतरला की अडतो. सकाळी चालणारे वडील दुपारी का चालत नाहीत, याचे उत्तर बहुधा गोळीच्या वेळेत सापडते, स्वभावात सापडत नाही. शिवाय पावले जमिनीला चिकटण्याचा जो प्रकार आहे, तो काही रोग्यांत गोळीने पुरता जात नाही. तो विशिष्ट ठिकाणीच होतो: उठून चालू लागताना, वळताना, दारातून जाताना, अरुंद बोळात, गर्दीत, घाईत, किंवा चालता चालता कोणी प्रश्न विचारला तर. आपण निरोगी माणसे चालण्याचा विचार करीत नाही; पाय आपोआप पडतात. ही आपोआप होणारी क्रियाच या रोगात बिघडते. मग रोग्याला प्रत्येक पाऊल मुद्दाम टाकावे लागते, आणि मुद्दाम टाकावयाच्या पावलात कोणी मध्ये बोलले की धागा तुटतो.

येथेच रेघांची गोष्ट येते. लंडनचे डॉ. पर्डन मार्टिन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, जमिनीवर आडव्या पट्ट्या आखून ठेवल्या तर अडलेला रोगी त्या ओलांडत सरळ चालत जातो. आतून येणारी आज्ञा दुबळी झाली, तर बाहेरची खूण तिची जागा घेते. ही खूण डोळ्यांना दिसणारी असेल तशीच कानांना ऐकू येणारीही चालते. १९९६ साली अमेरिकेत मायकेल थॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठेक्याच्या तालावर चालण्याचा सराव रोग्यांकडून करून घेतला, तेव्हा त्यांचा वेग व पावलाची लांबी वाढली. टाळमृदंगाच्या ठेक्यावर पंढरीची वाट चालणाऱ्या लोकांना ताल पायांत कसा उतरतो हे वेगळे सांगावयास नको.

आता सायकलीकडे वळू. हॉलंड हा सायकलींचा देश. तेथील नायमेखन विद्यापीठाच्या रुग्णालयात बास्तियान ब्लूम व अँके स्नायडर्स या डॉक्टरांकडे अठ्ठावन्न वर्षांचा एक रोगी आला. दहा वर्षांचा जुना आजार. दोन-चार पावले टाकली की पाय खिळत आणि तो पडे. तो म्हणाला, मी रोज सायकल चालवितो. डॉक्टरांनी खात्री करून घ्यावयाचे ठरविले. त्याला सायकलीवर बसण्यास मदत केली, आणि तो सरळ निघाला. वळला, परत आला. सायकलीवरून उतरताच पाय पुन्हा खिळले. २०१० साली ही हकीकत चित्रफितीसह प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या डॉक्टरांनी ती आश्चर्याने पाहिली.

असे का व्हावे, याचे निर्विवाद उत्तर अजून मिळालेले नाही. परंतु काही कारणे संभवनीय वाटतात. चालताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो. सायकलीवर भार बैठकीवर असतो. एक पायडल खाली गेले की दुसरे आपोआप वर येते, म्हणजे एका पायाची हालचाल दुसऱ्याला खूण देते. चाकाचा फेरा स्वतःच ताल धरतो. पावलात असा बाहेरचा ताल नसतो.

याच डॉक्टरमंडळींनी २०११ साली दुसरी एक गोष्ट सांगितली, ती निदानाच्या दृष्टीने मोलाची आहे. कंपवातासारखेच दिसणारे पण त्याहून वेगाने वाढणारे काही आजार आहेत. त्यांत तोल लवकर जातो. अशा आजारांच्या रोग्यांपैकी सुमारे निम्म्यांची सायकल आजार सुरू झाल्यावर लवकरच सुटली होती. खऱ्या पार्किन्सनच्या रोग्यांत मात्र हे प्रमाण शंभरात चाराच्या आसपास होते. म्हणून ‘तुम्ही अजून सायकल चालविता का?’ हा साधा प्रश्न डॉक्टरांनी जरूर विचारावा, असे त्यांनी सुचविले. आपल्या भागात जी पिढी आज सत्तरीत आहे, तिच्यातील शिक्षक, टपालवाले, दूधवाले, वखारीतले कारकून यांनी आयुष्य सायकलीवर काढले आहे. त्यांना हा प्रश्न विचारण्यास खर्च काहीच नाही. आणि डॉक्टरांनी न विचारला, तर घरच्यांनी आपण होऊन सांगावे.

सायकल उपचार म्हणूनही पुढे आली. अमेरिकेतील क्लीव्हलंडचे जे अल्बर्ट्स यांनी २००३ साली एका रोगी स्त्रीसह दोघांनी मिळून चालवावयाच्या सायकलीवरून आयोवा प्रांत ओलांडला, तेव्हा तिचे अक्षर सुधारल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यावरून त्यांनी २००९ साली दहा रोग्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात जे आपल्या मनाच्या वेगाहून अधिक वेगाने पायडल फिरवीत, त्यांच्या हालचालीत आठ आठवड्यांनंतर ३५ टक्के सुधारणा दिसली. दहा ही संख्या फार लहान आहे, हे खरे. परंतु २०१९ साली हॉलंडमध्ये १३० रोग्यांवर केलेल्या प्रयोगातही असे दिसून आले की, घरातच एका जागी उभ्या केलेल्या सायकलीवर आठवड्यातून तीन वेळा अर्धा-पाऊण तास व्यायाम करणाऱ्यांची लक्षणे सहा महिन्यांत बहुतांशी स्थिर राहिली, तर केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांची वाढली.

याचा अर्थ रोग्याला निपाणीच्या महामार्गावर किंवा तवंदीच्या घाटात सायकल देऊन सोडावे, असा मुळीच नव्हे. चढणे व उतरणे हेच या रोगात धोक्याचे असते, आणि पाय नेमका थांबण्याच्या क्षणी खिळतो. मोटारींच्या गर्दीत तो क्षण जिवावर बेतेल. एका जागी उभी असलेली व्यायामाची सायकल, बाजूला माणूस आणि आधी डॉक्टरांचा सल्ला, हीच आपल्याकडची योग्य रीत होय.

आता पुण्याकडे येऊ. मिलेहा सोनेजी ही पुण्याची तरुणी हॉलंडमध्ये वस्तुरचनेचे शिक्षण घेत होती. पुण्यातील तिच्या काकांना हा आजार झाला होता. सपाट जमिनीवर त्यांना चालताना कष्ट पडत. पण जिना ते न अडखळता उतरत आणि चढत. ही गोष्ट घरातील इतरांनीही पाहिली असणारच. पण ‘मग सपाट जमिनीलाच जिना का करू नये?’ हा प्रश्न तिला सुचला. तिने पायऱ्यांचा भास होईल असे चित्र जमिनीवर पसरले, आणि काका त्यावरून न थांबता चालत गेले. २०१५ साली डेल्फ्ट येथील भाषणात तिने ही हकीकत सांगितली. नायमेखनचा रोगी सायकलीवर चालला, पुण्याचे काका चित्रातल्या जिन्यावर चालले, तत्त्व एकच. पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तेथील नृत्यशिक्षक ऋषिकेश पवार यांनी २०१० पासून रोग्यांना तालावर नाचावयास शिकविले. ताल, सोबत आणि खूण या तीन गोष्टी औषधाच्या जोडीला चालतात, हे या मंडळींनी मराठी मातीत दाखवून दिले.

आपल्या सीमाभागाला या रोगाचा विचार आणखी दोन कारणांनी करावा लागतो. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. तंबाखू ओढणाऱ्यांत हा रोग कमी आढळतो, असे १९५९ पासून अनेक पाहण्यांत दिसले आहे, आणि ते ऐकून कोणी विडीचे समर्थन करावयास धजेल. परंतु निकोटिनच्या पट्ट्या लावून केलेल्या प्रयोगात रोगाची वाढ रोखली गेली नाही, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. आणि तंबाखूने होणारे कर्करोग व हृदयविकार तर सर्वांच्या डोळ्यांपुढे आहेत. उलट शेतातील काही विषांकडे बोट दाखविणारे पुरावे आहेत. पॅराक्वाट हे तणनाशक व रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत हा रोग सुमारे अडीच पट आढळला, असे अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या पाहणीत २०११ साली दिसले. उघड्या हातांनी, तोंडाला फडके न बांधता फवारा मारणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

विडी वळणाऱ्या बायकांचे मोल हजारी विड्यांवर ठरते. ज्या बाईची बोटे मंद होऊ लागतील, तिच्या हाताला कंप दिसण्याआधी तिचा दिवसाचा आकडा उतरेल. कारखान्यातील हिशेबनीस त्याला आळस म्हणेल, घरचे वय म्हणतील. शाळेत जसे अक्षर आकसलेले शिक्षकाला प्रथम दिसते, तसे येथे सुपात कमी पडणाऱ्या विड्या शेजारणीला प्रथम दिसतील. तिने बोलून दाखविले, तर औषध वर्षभर आधी सुरू होईल.

दुसरे कारण सीमेचे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा मुलूख एका राज्यात व त्याचे पुष्कळसे सोयरेधायरे दुसऱ्या राज्यात राहिले. निपाणीचा रोगी आजही कोल्हापूर-मिरजेला जातो, नाही तर बेळगावला. बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मिरजेच्या मिशन दवाखान्याची परंपरा तर १८९४ पासूनची आहे. पण कित्येकदा डॉक्टर कन्नड किंवा इंग्रजी बोलतात आणि म्हातारी मराठीत सांगते की ‘पाय भुईला चिकटतात.’ बरोबर आलेला मुलगा त्याचे भाषांतर ‘पाय दुखतात’ असे करतो, आणि तपासणी गुडघ्यांची होते! म्हणून बरोबर जाणाऱ्याने तिचेच शब्द जसेच्या तसे सांगावेत. कोठे अडते, केव्हा अडते, गोळीनंतर किती वेळाने अडते, हे कागदावर लिहून न्यावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात पार्किन्सनच्या आजाराचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तो कायदा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

या रोगाची लाज वाटण्याचे कारण नाही. पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी डोंगर चढत, बर्फावरून घसरत, नदीत नावा वल्हवीत. १९८६ च्या फेब्रुवारीत ते गोवे, मुंबई व पुणे येथे आले तेव्हा आमच्या समाजातील ज्यांनी त्यांना पाहिले, त्यांनी ताठ चालणारा माणूस पाहिला. पुढे १९९० नंतर त्यांचा हात कापू लागला, चाल मंदावली, अखेरीस चाकांच्या आसनावरून त्यांना न्यावे लागे. २ एप्रिल २००५ रोजी निधन होईपर्यंत त्यांनी ते शरीर लोकांपासून लपविले नाही. मुष्टियोद्धा महंमद अली याने १९९६ साली अटलांटा येथे कापणाऱ्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटविली. कोट्यवधी लोकांसमोर हे दोघे उभे राहिले. मग आपल्याकडची आजोबा-आजी लग्नकार्याला, देवळात किंवा चर्चमध्ये यावयाचे का टाळतात? प्रसादाच्या रांगेत पाय अडला तर मागचे लोक काय म्हणतील, या भीतीने. आणि भीतीने, घाईने पाय अधिकच अडतो.

म्हणून शेवटी थोडे व्यवहाराचे सांगतो. पाऊल अडले की ओढू नये, ढकलू नये, ‘लवकर’ हा शब्द उच्चारू नये. माणसाला आधी उभे राहू द्यावे, श्वास घेऊ द्यावा. मग पार्किन्सनने वर्णिलेल्या त्या नोकराप्रमाणे हळूच या पायावरून त्या पायावर झुलू द्यावे आणि ‘एक, दोन’ असा ठेका धरावा. ज्या दारात रोज अडते तेथे जमिनीवर पावला-पावलाच्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात. वळताना गिरकी घेऊ न देता मोठा फेरा घेऊ द्यावा. चालत असताना प्रश्न विचारू नयेत. पायाखाली येणारी चटई, सतरंजी काढून टाकावी. गोळीची वेळ चुकवू नये. एवढे करण्यास मोठे शहर लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही.

लंडनचा पार्किन्सन, पॅरिसचा शार्को, नायमेखनचे डॉक्टर आणि पुण्याची ती पुतणी यांच्यापाशी साधने निरनिराळी होती. परंतु रोगी सांगतो ते आधी खरे मानावे आणि मग त्याचे कारण शोधावे, ही एक गोष्ट चौघांतही समान होती. पुढच्या खेपेस बेळगावच्या किंवा निपाणीच्या बसस्थानकावर एखादा वृद्ध बसच्या पायरीपाशी खिळून उभा दिसला, तर वाहकाने घंटी मारण्याआधी क्षणभर थांबावे, आणि मागच्या उतारूंनी त्याला दोन पावलांची जागा द्यावी. तो निघेल, त्याला थोडा वेळ हवा असतो, इतकेच.